‘चार माणसांत बसवा’ म्हणणाऱ्यांना

दोन एप्रिलला जागतिक ऑटिझम दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००७ मध्ये ठराव केला, २००८ पासून तो पाळला जाऊ लागला आणि आता लहान जिल्ह्यांच्या गावीही त्याचे कार्यक्रम होतात. मंडप, निळे फुगे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि मग ते भाषण. वक्ते बदलतात, भाषण तेच राहतं. ही स्वमग्न मुलं स्वतःच्याच कोषात अडकलेली असतात. त्यांना बाहेर काढून समाजात मिसळवणं हेच खरं पुनर्वसन. तेव्हा पालकहो, त्यांना लग्नकार्याला न्या, जत्रेला न्या, चार माणसांत बसवा. टाळ्या पडतात. ज्यांना ‘मुलं’ म्हटलं जातंय त्यांच्यातला एक पस्तिशीचा बाप्या पहिल्या रांगेत दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेला असतो, कारण लाउडस्पीकरचा कर्णा नेमका त्याच्या डोक्यावर बांधला आहे.

मला या भाषणाला उत्तर द्यायचं आहे. भाषण करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण हेतू चांगला म्हणून कुणी उलटून बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे ते भाषण घराघरांत कायदा होऊन बसलं आहे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात हा कायदा कसा राबवला जातो ते सांगते. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवलं, नमस्कार केला की सुटका होते. इकडे तेलंगणाची रीत आहे: जम्मीचं, म्हणजे शमीचं, पान द्यायचं आणि अलाय-बलाय करायची, म्हणजे गळाभेट, तीही दारात येईल त्या प्रत्येकाशी. ज्याला पाठीवर नकळत हात पडला तरी चटका बसतो, त्या माणसाला घरचे ओसरीवर उभं करतात. “काकांना भेट की रे! असा ताठ काय उभा राहतोस?” मग लग्नसराई येते. डीजेच्या भिंतीपुढे त्याला ओढून नेतात, दोन भाऊ दोन हात धरून नाचवतात, व्हिडिओ काढतात. घरी आल्यावर तो दोन दिवस बोलत नाही, जेवत नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. त्यावर घरच्यांचा निष्कर्ष काय, तर अजून सवय झाली नाही, आणखी न्यायला पाहिजे. औषध लागू पडलं नाही की डोस वाढवायचा, आणि रोगी उठून बसला नाही तर दोष रोग्याचा.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: माणूस एकटा दिसतो, त्या अर्थी तो एकाकी आहे. ती खोटी आहे. पण तिच्या उलट जे दुसरं टोक आहे, म्हणजे ‘या लोकांना माणसं नकोच असतात’, तेही तितकंच खोटं. ऑटिस्टिक प्रौढांना विचारून केलेल्या पाहण्यांत ते इतरांपेक्षा जास्त एकाकीपणा सांगतात. त्यांना माणसं हवी असतात. मित्र हवे असतात, जोडीदार हवा असतो, मजा हवी असते. प्रश्न इतकाच आहे की ती मजा कुणाच्या रीतीने करायची. आपल्या रीतीने करायला लावली की काय होतं याचीही नोंद आहे. डोळ्याला डोळा भिडवायचा, नको असताना हसायचं, गप्पांची वाक्यं आधी पाठ करून ठेवायची, असं सोंग वर्षानुवर्षं वठवत राहणाऱ्यांचा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. २०१८ साली सारा कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या सोंगाचा संबंध थेट आत्महत्येच्या विचारांशी जोडलेला आढळला. म्हणजे ज्याला आपण ‘सुधारला हो, आता चारचौघांत बसतो’ असं म्हणतो, त्याचीच काळजी करायची वेळ आलेली असू शकते.

‘पण त्यांना दुसऱ्याच्या मनातलं कळतच नाही, मग मैत्री कशी होणार?’ हा पुढचा आक्षेप, आणि तो डॉक्टर मंडळींकडूनही ऐकू येतो. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये याला उलट प्रश्न विचारला. त्यांना आपलं मन कळत नाही हे खरं धरलं, तर आपल्याला त्यांचं कुठे कळतं? दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर आली आणि बोलणं फसलं, तर ते दोघांचं मिळून फसलं. त्याची पावती एकाच्याच नावाने का फाडायची?

हे पटायला ब्रिटनला जायची गरज नाही, आदिलाबादचा बाजार पुरे. इंद्रवेल्लीकडून मोहफुलं, चारोळी घेऊन आलेली गोंड बाई, बेल्याचा मराठी शेतकरी, तेलुगू कारकून, उर्दू बोलणारा हमाल. चौघांच्या चार भाषा आणि पाचवी, कुणालाच धड न येणारी, बाजाराची दखनी. व्यवहार अडला की बोटं पुढे येतात, मातीत आकडे काढले जातात, नाहीच जमलं तर शेजारच्या दुकानातून गोंडी येणारा पोरगा बोलावला जातो. गोंड बाईला संवादाचा विकार आहे असं तिथे कुणी म्हणत नाही. समजून घ्यायची निम्मी जबाबदारी आपली, हे हमालालाही ठाऊक असतं. हेच बाजारातलं शहाणपण आपण घराच्या उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवतो आणि आपल्याच भाच्याला सांगतो, तू आमच्यासारखं बोलायला शीक.

एडिंबऱ्यात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला, अशी आठ-आठ जणांची साखळी. काही साखळ्या फक्त ऑटिस्टिक माणसांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिकांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. पुढे २०२५ मध्ये तीनशेहून जास्त माणसं घेऊन हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. तिन्ही साखळ्या सारख्याच निघाल्या. प्रतिपक्षाच्या हाती हे लागण्याआधी मीच सांगून टाकते. पण दोन्ही वेळेस एक गोष्ट ढळली नाही: ऑटिस्टिक माणसं आपसात बोलली तर कुठेही कमी पडत नाहीत. ‘यांना संवादच जमत नाही’ हा दावा दोन्ही प्रयोगांत आपटला.

आता ही मजा दिसते कशी ते पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. ती समोर चालू असते आणि आपल्याला दिसत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा चाळिशीकडे आला आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला, यार्डात गाड्यांच्या रांगा लागल्या की तो रोज जवळच्या चहाच्या टपरीवर जातो आणि बाकाच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसतो. जागा ठरलेली, कप ठरलेला. त्याला कापसाचे हमीभाव पाठ आहेत. लांब धाग्याचा २०२१-२२ ला ६,०२५ रुपये क्विंटल, मग ६,३८०, मग ७,०२०, मग ७,५२१, आणि २०२५-२६ ला ८,११०. हे नुसतं पाठांतर नाही. सरकारी खरेदीत आर्द्रता आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. बाराच्या वर गेली की गाडी परत. मीटर लावणारा माणूस आकडा ओरडून पुढे जातो आणि शेतकरी गोंधळात उभा राहतो. अशा वेळी टपरीवर कुणी विचारतं, “दादा, दहा आली रे. गेल्या सालच्या भावाने किती होते?” उत्तर चहाचा घोट गिळायच्या आत येतं: “सात हजार तीनशे सत्तर रुपये अठ्ठावन्न पैसे.” अठ्ठावन्न पैसे कुणाला मिळणार नसतात, पण ते सांगितल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.

तिथे जैनथकडचे एक म्हातारे शेतकरी येतात. ते गेली कित्येक वर्षं पावसाची वही ठेवतात. कुठल्या नक्षत्रात किती दिवस झड लागली, पेरणी किती वेळा मोडली. हे दोघं शेजारी बसतात. समोरासमोर नाही, शेजारी. म्हातारे एखादं साल वाचतात, हा त्या सालचा भाव सांगतो. मग पुढचं साल. मध्ये पाच-पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. ‘कसा आहेस, घरचे बरे आहेत ना’ यातलं एक अक्षर नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची आई माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, “बघ, तिथेही आकडेच. एक मित्र नाही माझ्या लेकराला.” मित्र तिच्यापासून दहा हातांवर बसला होता, वहीचं पान उलटत.

असं शेजारी-शेजारी बसून आपापल्या वेडाची देवघेव करणं, याला मी पूर्ण मैत्री म्हणते. मैत्रीकडे जाणारी पहिली पायरी वगैरे नाही. आपण तरी मित्राकडे कशासाठी जातो? क्रिकेट, राजकारण, भिशी, कुणाच्या तरी संसाराची निंदा. विषय बाजूला केला तर आपल्यातल्या बहुतेकांना मित्रासमोर दहा मिनिटंही बसवणार नाही. त्यांचा विषय खोल आणि एकच असतो, आपले उथळ आणि पाच असतात. यात पाचवाला निरोगी आणि एकवाला रोगी कसा ठरतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

इथे एक खाचखळगा आहे. त्याच यार्डातल्या एका व्यापाऱ्याने एकदा बाहेरगावच्या पाहुण्यांपुढे त्याला उभं केलं. “याला काहीही विचारा, कॉम्प्युटर आहे आपला!” त्याने दोन उत्तरं दिली, तिसऱ्या प्रश्नाला उठून गेला आणि पुढचे कितीतरी दिवस टपरीकडे फिरकला नाही. अडलेल्या शेतकऱ्याने विचारणं आणि गंमत म्हणून पाहुण्याने विचारणं यातला फरक त्याला कळला. दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही म्हणतात ना, त्याला कळला. व्यापाऱ्याला अजून कळलेला नाही.

‘हे सगळं पैसेवाल्यांचे आणि परदेशी चोचले आहेत,’ असं म्हणणाऱ्यांकडे वळते. कारण जिल्ह्याच्या गावात हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो. इथून नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. तपासणीसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत जायचं तर मजुरी बुडते. अशा ठिकाणी ‘त्यांची मजा, त्यांच्या अटी’ ही भाषा कशाला?

तर मग परदेशातलंच सांगते, पण शेतातलं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या निबंधात ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. १९४२ पासून काही वर्षं त्याला गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. मुलाला मोजमापाचं वेड. शेतकऱ्याने पोराकडूनच विहीर खणून घेतली आणि तिची खोली मोजून सांगायचं काम त्याला दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तर त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितलं. मेलेली पाखरं, किडे गोळा करायचा, तर शेताच्या कोपऱ्यात त्यांच्या दफनासाठी जागा दिली. तो प्रत्येकाला नाव, आडनाव देऊन पाटी लावायचा. कॅनर १९४५ मध्ये भेटायला गेले तेव्हा पोरगा घोड्याचा नांगर सफाईने वळवत होता, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्या जोडप्याकडे ना पदवी होती ना थेरपीचा तक्ता. पोराचं वेड मोडण्याऐवजी त्यांनी त्याला शेतात जागा करून दिली. कापूस लावणाऱ्या जिल्ह्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

डोनाल्डचं पुढचं आयुष्य तर ‘चार माणसांत बसवा’ मंडळींनी अवश्य वाचावं. तो बँकेत कारकून झाला, रोज गोल्फ खेळायचा, आणि एकट्याने जग फिरला, तीसहून अधिक देश. प्रवासात एका वेळी आठवडाभरसुद्धा बाहेर राहायचा नाही आणि सहप्रवाशांशी परत आल्यावर संबंध ठेवायचा नाही. ओळखीच्या माणसांना तो आकडे बहाल करायचा आणि कुणाला कोणता आकडा दिला ते वर्षानुवर्षं विसरायचा नाही. गावातल्या लोकांना आपला आकडा मिळाल्याचं कौतुक असे. आपल्या समाजसेवकांच्या मोजपट्टीवर हा माणूस सपशेल नापास: लग्न नाही, गप्पा नाहीत, सहलीत मैत्री नाही. तो २०२३ मध्ये एकोणनव्वद वर्षांचा होऊन गेला, आणि त्याच्या आयुष्याची हकिकत वाचून ‘बिचारा’ म्हणायला जीभ रेटत नाही. घरची बँक होती, पैसा होता, हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण गोल्फच्या मैदानावर त्याला आपल्यात खेळू देणारी माणसं बँकेच्या तिजोरीतून आली नव्हती.

आणि ज्यांना स्वतःची जत्रा हवी होती त्यांनी ती भरवलीसुद्धा. १९९६ पासून अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतर ऑटिस्टिक मंडळींनी ‘ऑट्रीट’ नावाचं वार्षिक शिबिर चालवलं. आयोजक ऑटिस्टिक, नियम त्यांचे. कार्यक्रम असत, पण यायची सक्ती नसे. छातीवर रंगीत बिल्ला: लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका; पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला; हिरवा म्हणजे मला बोलायचं आहे पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. त्या हिरव्या बिल्ल्यात किती शहाणपण आहे पाहा. आपल्या एका लग्नमंडपात असे तीन रंगांचे कागद ठेवायला खर्च किती? हळदीच्या अक्षतांपेक्षा कमी. मला तर वाटतं, ऑटिस्टिक नसलेले निम्मे पाहुणेही लाल उचलतील.

मग शेवटचं अस्त्र निघतं: आपली संस्कृती. आपण समूहाने जगणारी माणसं, पाश्चात्त्यांसारखं एकेकटं राहणं आपल्यात नाही. पौषात केसलापूरला नागोबाची जत्रा पाहा, गोंडांचं सगळं मेस्राम कुळ एकत्र येतं. पाहिली आहे ना जत्रा? मग नीट पाहा. गर्दी, पाळणे, भोंगे हा तिचा एक भाग. त्याच्या कितीतरी दिवस आधी मेस्राम मंडळी अनवाणी पायी चालत गोदावरीचं पाणी आणायला जातात. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, कुणी काय करायचं ते ठरलेलं. समूहजीवन म्हणजे सगळ्यांनी एका वेळी एकाच जागी कल्ला करणं, ही व्याख्या डीजेवाल्यांची आहे, परंपरेची नाही. परंपरेत कल्ल्याइतकीच ठरलेली, शांत, हाताची कामं असतात.

तेलंगणाच्या फुलांच्या सणाचं, बतुकम्माचंच घ्या. इकडच्या मराठी घरांतल्या पोरीही आता बतुकम्मा खेळतात. संध्याकाळी बायकांचं रिंगण, टाळ्या, गाणी, फोटो. पण त्याआधी अख्खी दुपार फुलं रचण्यात जाते: ताटावर पानं, मग पिवळ्या तरवडाचा थर, मग कुरडूचे तुरे रंगवून त्यांचा थर, वर निमुळतं करत न्यायचं, एकही देठ दिसता कामा नये. एखादी अशी असते जी ही रचना तासन्‌तास, न कंटाळता, मिलिमीटर चुकू न देता करते आणि रिंगण सुरू व्हायच्या आत मागच्या दाराने घरी जाते. तिची बतुकम्मा साजरी झाली. पूर्ण झाली. तिला हाताला धरून रिंगणात ओढणारी आत्या तिच्या सणाची माती करते. भजनी मंडळांतही हेच: कुणाला टाळांचा आवाज सोसत नाही, त्याला तिथे बसवणं हा छळ, पण दुसऱ्या कुणाच्या हाती टाळ दिले की काय करायचं, कधी थांबायचं हे ठरलेलं असल्यामुळे तो रात्रभर चाळीस जणांत बसतो आणि त्याला कुणाशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत नाहीत.

बायकांचा विषय निघालाच आहे तर तो असा मध्येच सोडवत नाही. मुलगा गप्प असेल तर डॉक्टर शोधतात. मुलगी गप्प असेल तर ‘सुशील’ म्हणून स्थळं शोधतात. तिचं ऑटिस्टिक असणं कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि लग्न झालं की तिच्या दोन-चार सुखांपैकी पहिलं जातं ते एकटं बसणं. संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे अनोळखी वीस बायका, सगळ्या एकदम बोलणाऱ्या, प्रत्येकीला हसून वाण द्यायचं. ती सोंग छान वठवते. म्हणून तिला कुणी विचारत नाही. आणि ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला मुलग्यांच्या आईबापांना देणाऱ्यांनी कधी तरी हेही सांगावं की ज्या पोरीला काही न सांगता तुम्ही या कामाला जुंपता, तिचा पगार कोण देणार. ज्यांना लग्न हवं आहे त्यांनी जरूर करावं, दोघांना माहीत असताना करावं. उपचार म्हणून करू नये.

आता एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो बहुधा थकलेल्या आईकडून येतो. “तुमचे भाव सांगणारे, फुलं रचणारे ठीक आहेत. माझा लेक बोलत नाही. अठ्ठावीस वर्षांचा आहे, आंघोळ मी घालते. त्याच्या कसल्या अटी?” या बाईसमोर बिल्ले आणि प्रयोग घेऊन उभं राहायला मला संकोच वाटतो. पण अटी त्यालाही आहेत, आणि त्या तिलाच सगळ्यात जास्त माहीत आहेत. पंपावर पाण्याची धार पडते तिथे तो तासभर हात धरून उभा राहतो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर तो गुणगुणतो, नाही मिळाली तर ओरडतो. विशिष्ट वहिनी आली की हसतो, दुसरी आली की तोंड फिरवतो. ही निवडच आहे, फक्त बोलून दाखवलेली नाही. पण धारेपाशी उभं राहण्याला आपण ‘नाद’ म्हणतो, सोडवायला बघतो, आणि तीन डिसेंबरला त्याच्या हातात लिंबू-चमचा देतो.

तीन डिसेंबर हा अपंग दिन. त्या दिवशी शर्यती होतात, चित्रकलेची स्पर्धा होते, चाळिशीच्या माणसाच्या हातात फुगा दिला जातो आणि वर्षाचा करमणुकीचा हिशेब मिटतो. वास्तविक भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, त्याचं तिसावं कलम सांस्कृतिक जीवन, मनोरंजन आणि खेळ यांतल्या सहभागाचं आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यात कलम २९ संस्कृती आणि करमणुकीसाठी आहे, ३० खेळांसाठी. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत ते घातलं. म्हणूनच आज प्रौढ असलेल्या कितीतरी जणांच्या जुन्या प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ एवढाच शेरा आहे. कायदा करमणुकीला हक्क म्हणतो. आपण तिला थेरपी म्हणतो, किंवा बक्षीस: नीट वागलास तर मोबाइल मिळेल.

मोबाइलवरून आठवलं. ‘दिवसभर मोबाइलमध्ये असतो, माणसांशी बोलत नाही,’ ही तक्रार करणाऱ्यांनी एकदा तो मोबाइलमध्ये काय करतो ते त्याच्या परवानगीने पाहावं. पुष्कळदा तो माणसांशीच बोलत असतो. लिहून बोलताना चेहरा वाचावा लागत नाही, उत्तर द्यायला वेळ मिळतो, आवाज नसतो, आणि आदिलाबादेत न सापडणारा, जुन्या इंजिनांचं किंवा नाण्यांचं तेच वेड असलेला माणूस कोल्हापुरात सापडतो. नादी लागण्याचा धोका कुणाला नसतो? तो त्यालाही आहे. पण त्याचा एकुलता एक कट्टा काढून घेऊन त्याला लग्नाच्या पंगतीत बसवणं हा त्यावरचा उपाय नाही.

या सगळ्या हट्टामागे आईबापांची एक भीती असते, आणि तिच्याशी माझं भांडण नाही: आमच्यानंतर याचं कोण? म्हणून तर नातेवाइकांत मिसळवायचं, म्हणजे उद्या कुणीतरी बघेल. भीती खरी, पण तिच्यावरचा तोडगा चुकीच्या माणसांवर विसंबलेला आहे. लग्नात ज्याने हात धरून नाचवलं तो चुलतभाऊ वीस वर्षांनी येणार नाही. त्याला हा माणूस ठाऊकच नाही, त्याला फक्त याचं अवघडलेपण ठाऊक आहे. डोनाल्डचे आईवडील १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोघेही गेले. त्यानंतर जवळपास चार दशकं तो त्याच घरात राहिला, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवणाऱ्यांत बँकेतले, गोल्फचे, चर्चमधले लोक होते, म्हणजे तो जे करायचा त्यातून त्याला ओळखणारे. माझ्या भाच्याच्या बाबतीत उद्या तो दोन दिवस टपरीवर दिसला नाही, तर पहिल्यांदा चौकशी पावसाची वही ठेवणारे म्हातारे करतील, किंवा दहा टक्के आर्द्रतेत अडकलेला एखादा शेतकरी. चुलतभावाला ते पुढच्या लग्नपत्रिकेच्या वेळी कळेल.

पालकत्वाची कायदेशीर व्यवस्था आहेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांपुढच्या ऑटिस्टिक व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांकडची स्थानिक स्तर समिती तो अर्ज पाहते. गरज असेल त्यांनी जरूर करावा. त्यात नात्याचा, पत्त्याचा, मालमत्तेचा तपशील भरतात. तो भरताना एक काम जास्तीचं करा. त्याला काय आवडतं, कुणाशेजारी बसायला आवडतं, कोणता आवाज सोसत नाही, गळाभेट चालते की नाही, तो कार्यक्रमातून किती वेळाने उठतो आणि उठल्यावर कुठे जातो, कोणत्या टपरीवर त्याचा कप ठरलेला आहे, हे त्याला विचारून, विचारता येत नसेल तर पाहून, लिहून काढा. अर्जात त्याला रकाना नाही. कोऱ्या कागदावर लिहा आणि टाचून द्या.